दोन डॉलरचं पार्सल: ब्रिस्बेनमध्ये नष्ट झालेल्या 105 हर्बेरियम नमुन्यांचं प्रकरण

पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड हर्बेरियमला (हर्बेरियम म्हणजे अभ्यासासाठी वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह) एक पार्सल पाठवलं. आत दाबून वाळवलेल्या सपुष्प वनस्पतींचे 105 नमुने होते, संशोधनासाठी उसने दिलेले. जानेवारी 2017मध्ये पार्सल ब्रिस्बेनला पोचलं, पण हर्बेरियमपर्यंत पोचलंच नाही. माउंट कूट-थाच्या बोटॅनिक गार्डनच्या आवारात त्याची वाट बघत असलेली मंडळी आणि पार्सल दोघंही एकाच शहरात असताना, मार्चमध्ये जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी, म्हणजे बाहेरून येणारी कीड आणि रोग सीमेवर रोखणाऱ्यांनी, ते जाळून टाकलं. मे महिन्यात बातमी बाहेर आली आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कपाळावर हात मारला.

वर्तमानपत्रांनी हे प्रकरण 'बथ्थड सरकारी बाबू विरुद्ध बिचारे शास्त्रज्ञ' अशा थाटात रंगवलं. वाचायला ते बरं वाटतं. पण हर्बेरियम सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने बघितलं, तर बाबू हा गोष्टीतला शेवटचा माणूस आहे. त्याच्या हातात खोकं येईपर्यंत बऱ्याच जणांनी बऱ्याच गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या.

खोक्यात काय होतं

नमुने होते लॅजेनोफोरा या वंशाचे. सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली ही डेझीसारखी चिमुकली रोपं. जमिनीलगत पानांचा झुबका, त्यातून वर आलेला बारीक दांडा आणि टोकाला एकच फुलोरा. हर्बेरियमच्या शीटवर, म्हणजे साधारण 42 सेंटिमीटर उंच आणि 28 सेंटिमीटर रुंद जाड कागदावर, अशी दोन-चार रोपं चिकटवली तरी निम्मा कागद कोराच राहतो. उजव्या कोपऱ्यात लेबल: कोणी, कुठे, कधी गोळा केलं. त्याच्या वर पुढच्या अभ्यासकांनी डकवलेल्या चिठ्ठ्या, 'मी हे बघितलं, माझ्या मते ही अमुक जात' असं सांगणाऱ्या. आणि एखादं घडी घातलेलं छोटं कागदी पाकीट, ज्यात गळून पडलेली फळं जपून ठेवलेली असतात. लॅजेनोफोराच्या बाबतीत हे पाकीटच सगळ्यात महत्त्वाचं. जाती वेगळ्या करायच्या तर पानांवर फार विसंबून चालत नाही. चपटं फळ, त्याची चोच आणि चोचीवरच्या चिकट ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. म्हणूनच फोटोवर भागलं नाही आणि शीटच मागवावी लागली.

त्या 105मध्ये सहा टाइप नमुने होते. टाइप म्हणजे ज्या नमुन्यावर त्या जातीचं नाव कायमचं टांगलेलं असतं तो. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर शिंदळ माकुडी. शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर वाढणारी ही वनस्पती स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1860च्या दशकात शास्त्रीय जगाला ओळखून दिली. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून वंशाला फ्रेरिया नाव दिलं. उद्या कोणी म्हणालं की कड्यावर सापडलेली ही वनस्पती तीच आहे की तिच्यासारखी दुसरीच, तर निवाडा डाल्झेल यांच्या वर्णनाशी आणि त्यांनी ठेवलेल्या नमुन्याशी ताडून करायचा. डाल्झेल यांचे अनेक नमुने लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या हर्बेरियममध्ये आहेत. सह्याद्रीतल्या कितीतरी झाडांच्या नावांचे टाइप असेच परदेशात आहेत. ऑस्ट्रेलियाचंही तेच. तिथल्या वनस्पतींची पहिली शास्त्रीय नोंद करणारे युरोपीय होते, त्यांनी गोळा केलेलं घरी नेलं. त्यामुळे स्वतःच्या देशातली डेझी ओळखायला ब्रिस्बेनच्या माणसाला पॅरिसकडे उसनं मागावं लागतं.

इथे एक जुनी हकिकत सांगायचा मोह आवरत नाही. याच वंशातल्या टास्मानियाच्या एका जातीचं पहिलं वर्णन लाबियार्दिएर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1806मध्ये छापलं. त्याने हे सगळं गोळा केलं ते 1791 साली निघालेल्या, दाँत्रकास्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या मोहिमेवर. परतीच्या वाटेवर मोहीम फुटली, त्याचा संग्रह जप्त झाला आणि फिरत फिरत इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू होतं. तरीही लंडनमध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी आपलं वजन खर्ची घातलं आणि 1796मध्ये तो संग्रह मूळ मालकाला परत मिळाला. शत्रूराष्ट्राच्या खोक्यांना जे संरक्षण मिळालं, ते सव्वादोनशे वर्षांनी मित्रराष्ट्राच्या पार्सलला मिळालं नाही. कारण उघड आहे: बँक्स यांना खोक्यात काय आहे ते माहीत होतं.

काय घडलं

सार्वजनिक झालेल्या माहितीतून घटनाक्रम असा दिसतो. पार्सल आलं, सोबतची कागदपत्रं अपुरी होती, म्हणून अधिकाऱ्यांनी ते अडवून ठेवलं. हे नेहमीचंच. त्यांनी हर्बेरियमकडे जास्तीची माहिती मागितली. उत्तर गेलं, पण चुकीच्या ईमेल पत्त्यावर. त्यात काही आठवडे निघून गेले. मार्चमध्ये अधिकाऱ्यांनी पुन्हा खुलासा मागितला, आणि तो मिळण्याआधीच नमुने नष्ट केले. या अधिकाऱ्यांच्या खात्याचं म्हणणं असं की नियमाने 30 दिवस ठेवायचं होतं, आम्ही 46 दिवस ठेवलं. कागदपत्रांवर पार्सलची किंमत 2 डॉलर लिहिलेली होती. मात्र खुलाशाची बोलणी चालू असताना विल्हेवाट लावण्याची घाई झाली, एवढं खात्यानेही मान्य केलं आणि आपली कार्यपद्धत तपासायला घेतली.

या घटनेची चर्चा सुरू झाल्यावर आणखी एक प्रकार उजेडात आला. 2016मध्ये न्यूझीलंडच्या ॲलन हर्बेरियमने कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल हर्बेरियमला दगडफुलांचे सहा नमुने पाठवले होते. तेही ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरच नष्ट झाले. त्यातही टाइप दर्जाचा नमुना होता. म्हणजे ब्रिस्बेनला जे झालं तो अपघात पहिला नव्हता. पहिल्या अपघाताची खबर सगळ्या हर्बेरियमांपर्यंत वेळेत पोचली असती, तर पॅरिसने कदाचित पार्सल वेगळ्या रीतीने पाठवलं असतं. हर्बेरियमच्या जगात शोधनिबंध वेळेवर फिरतात, पण फजितीच्या बातम्या दडवल्या जातात. हे मला या प्रकरणात सगळ्यात खटकतं.

दोन डॉलर का लिहिले

बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल. पण हर्बेरियममध्ये लोनचे, म्हणजे नमुने उसने देण्याघेण्याचे, कागद भरणाऱ्या कोणालाही विचारा, 'किंमत' या रकान्यात काहीतरी क्षुल्लक लिहिण्याची रीत जुनी आहे. नमुना विकत मिळत नाही, विकला जात नाही, त्याला बाजारभाव नाही. जास्त आकडा लिहिला तर कस्टम्सचा ससेमिरा, विम्याचा हप्ता, शिवाय चोराचं लक्ष. 'व्यापारी मूल्य नाही' असं लिहायचं आणि संगणकाने शून्य घेतलं नाही तर एक-दोन डॉलर टाकायचे. पाठवणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याला कळतं. शेजारणीकडून पातेलं उसनं आणताना पावती कोण करतं, तसा हा शतकानुशतकांचा घरोबा आहे. जगात सुमारे साडेतीन हजार हर्बेरियम आहेत, त्यांत 40 कोटींच्या आसपास नमुने आहेत, आणि त्यांची देवघेव अजून बऱ्याच अंशी या विश्वासावर चालते.

अडचण अशी की वाटेत तिसरा माणूस असतो. त्याच्या टेबलावर दिवसाला किती खोकी येतात कोण जाणे. बिया, लाकडी खेळणी, मसाले, सुकी फळं. त्यात एक खोकं: 'वाळलेला वनस्पतिजन्य माल, किंमत 2 डॉलर', कागद अपुरे, उत्तर नाही, मुदत संपलेली. त्या माणसाला खोकं आणखी महिनाभर राखून ठेवावं असं वाटायला कागदावर एकही कारण नव्हतं. अमेरिकेतल्या मिसुरी बोटॅनिकल गार्डनच्या हर्बेरियमचे अभिरक्षक जेम्स सॉलोमन यांनी या कृत्याची तुलना लूव्र संग्रहालयातलं चित्र आणून जाळण्याशी केली. तुलना अगदी योग्य. फक्त लूव्रने चित्र पाठवताना कागदावर दोन डॉलर लिहिले नसते, ही गोष्ट तीत येत नाही.

अधिकाऱ्यांना मी पूर्ण दोषमुक्त करत नाही. खुलासा मागायचा आणि तो यायच्या आत माल नष्ट करायचा, याला कोणतंच समर्थन नाही. हर्बेरियम हे सरकारी कार्यालय आहे, त्याचा फोन नंबर जगजाहीर आहे, आणि ते त्याच शहरात आहे. एक फोन पुरला असता. पण त्यांच्या कडकपणाची खिल्ली उडवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ऑस्ट्रेलियाला वाटणारी बाहेरच्या रोगांची भीती पोकळ नाही. 2010मध्ये मर्टल रस्ट हा तांबेरा तिथे शिरला आणि निलगिरीच्या कुळातल्या कितीतरी देशी झाडांना त्याने ग्रासलं. शेती आणि जंगल दोन्ही बेटासारखी अलग राहिलेली, बाहेरचा एक रोग पुरतो. 2016च्या जूनपासून तिथे नवा जैवसुरक्षा कायदा लागू झाला होता.

आणि खरं सांगायचं तर हर्बेरियम स्वतः बाहेरून आलेल्या गठ्ठ्यावर याहून कमी संशय घेत नाही. कुठल्याही नीट चाललेल्या संग्रहात आलेलं पार्सल थेट कपाटाशी जात नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आधी डीप फ्रीझरमध्ये, उणे 20 अंश किंवा त्याखाली, काही दिवस. कारण तंबाखूचा भुंगेरा किंवा औषधी मालातला भुंगेरा एका शीटमधून आत शिरला, तर शेवंती-सूर्यफुलाच्या कुळाची कपाटंच्या कपाटं भुसा होतात. या कुळातले फुलोरे त्यांना फार आवडतात. म्हणजे क्वारंटाइन दोघांकडेही होतं, फरक विल्हेवाटीच्या पद्धतीत होता. गोठवणं हा पर्याय दोघांना माहीत असूनही कागदावर तो बहुधा कोणी मागितलेला नव्हता.

पावतीपर्यंतची पोकळी

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. नमुना कपाटात असताना त्याचा क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा जबाबदार माणूस, असतो. कुठलं कपाट, कुठला खण, कधी कोणी काढला, सगळी नोंद. तो दुसऱ्या हर्बेरियममध्ये पोचला, तिथल्या माणसाने गठ्ठा उघडून यादीशी ताडून पोचपावतीवर सही केली, की जबाबदारी त्याची. रूढ लोन-फॉर्मची भाषा साधारण अशीच असते: घेणाऱ्याची जबाबदारी माल मिळाल्यापासून. मग मधल्या काळात? पाठवणाऱ्याच्या रजिस्टरात तो 'गेलेला' असतो, घेणाऱ्याच्या रजिस्टरात तो 'आलेला' नसतो. पार्सल ब्रिस्बेनला अडकून पडलं होतं तेव्हा ते नेमकं कोणाचं होतं, याचं उत्तर देणारी एकही नोंद बहुधा कुठल्याच टेबलावर नव्हती. कायद्याने मागवणारा हा आयातदार, सगळं त्याच्यावर. हर्बेरियमच्या मनात मात्र अजून वस्तू पॅरिसची.

त्यात घड्याळांचा फरक. हर्बेरियमचं लोन साधारण वर्ष-दोन वर्षांचं, मुदतवाढ मागितली की मिळते, आणि दशकभर परत न आलेली लोनंही मोठ्या संग्रहांत असतात. 'तुमचं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला' अशी सुरुवात तिथे शिष्टाचाराचाच भाग आहे. सीमेवरचं घड्याळ 30 दिवसांचं. एका ईमेलला उत्तर आलं नाही की हर्बेरियमच्या माणसाला वाटतं, सुट्टीवर असतील. सीमेवरच्या माणसाला वाटतं, यांना माल नको आहे. तिथे गप्प बसणं म्हणजे होकार, आणि होकार म्हणजे नाश. ईमेलचा पत्ता चुकणं ही कुठेही होणारी गोष्ट आहे. एवढ्याशा चुकीवर सहा टाइप नमुन्यांचं आयुष्य टांगलेलं असावं, ही खरी गफलत.

खोक्याच्या आत सगळं वेगळ्या तोडीचं असतं, म्हणून हे जास्त बोचतं. लोनचा गठ्ठा बांधताना बघावं. प्रत्येक शीट आपल्या फोल्डरमध्ये, टाइप असेल तर लाल कडेच्या फोल्डरमध्ये. दहा-पंधरा शीटांवर खाली-वर कडक पुठ्ठा, फितीने चारही बाजूंनी बांधणी, फार घट्ट नाही, नाहीतर फळं चिरडतात. गठ्ठ्याभोवती प्लॅस्टिक, खोक्यात सगळीकडून चुरगळलेल्या कागदाचा भराव, खोकं हलवलं तर आत आवाज येता कामा नये. यादी दोन प्रतींत. मोडक्या फळाचा कण पडला तर तोही पाकिटात जातो. एवढी काळजी आतल्या बाजूला, आणि बाहेरच्या लेबलावर दोन ओळी.

नंतर

न्यूझीलंडच्या हर्बेरियमने ऑस्ट्रेलियाला नमुने पाठवणं थांबवलं. पॅरिसनेही आपलं धोरण तपासायला घेतलं. हा दणका ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनाच बसला, कारण त्यांच्या देशातल्या जुन्या नावांचे बरेच टाइप बाहेर आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या हर्बेरियम-प्रमुखांच्या परिषदेने खात्याशी बोलणी सुरू केली. तिच्या तेव्हाच्या अध्यक्ष मिशेल वेकॉट या विषयावर सातत्याने बोलत राहिल्या. लॅजेनोफोराचं काम मात्र मरून गेलं नाही. 2019मध्ये क्वीन्सलँड हर्बेरियमच्या संशोधकांनीच ऑस्ट्रेलियातल्या या वंशाची फेरतपासणी प्रसिद्ध केली.

टाइप नष्ट झाला तर नामकरणाच्या नियमांत त्यावर तोड आहे. त्याच संकलनातली दुसरी प्रत कुठे असेल तर तिला मान मिळतो, मूळ लेखकाने बघितलेला दुसरा नमुना चालतो, तेही नसेल तर नव्याने नमुना नेमता येतो. पॅरिसने आपल्या लाखो शीटांची डिजिटल चित्रं आधीच काढून ठेवली होती, हाही मोठा आधार. पण चित्रातून फळाची चोच उलटी करून बघता येत नाही आणि चित्रातून डीएनए निघत नाही.

यावरून 'टाइप कधीच पाठवू नयेत' असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. मला तो पटत नाही. तसं केलं तर टाइप बघण्याचा हक्क फक्त विमानाचं तिकीट काढू शकणाऱ्यांना उरेल. कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या पीएचडी करणाऱ्या मुलीला क्यूला जाणं परवडत नाही, तिच्यासाठी लोन हाच रस्ता. सगळे टाइप एकाच खोक्यात न घालणं हा साधा उपाय आहे. तसंच आधी चित्र मागवायचं, त्यावर जेवढं उरकतं तेवढं उरकायचं आणि खरंच सूक्ष्मदर्शक लागतो तेवढ्याच शीट मागवायच्या.

किंमतीच्या रकान्याबद्दलही हर्बेरियमवाल्यांनी लाज सोडावी. बाजारभाव नसला तरी पुन्हा गोळा करण्याचा खर्च असतो: मोहीम, प्रवास, वाळवणं, चिकटवणं, नोंदणी. तो मांडता येतो. त्याच्या खाली 'बदली अशक्य' ही ओळ वेगळी लिहावी. त्याने विमा महागला तर महागू दे.

आपल्या हर्बेरियमांना हे परकं नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, आघारकर संस्थेचं आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. सह्याद्रीच्या सड्यांवरून आजही नव्या जाती नोंदल्या जातात. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या भांडारात जमा करावा लागतो, त्यामुळे आताचे टाइप इथेच राहतात. म्हणजे आतापर्यंत आपण उसनं मागणारे होतो, आता मागणी आपल्याकडेही येणार. वनस्पती आयातीवर आपल्याकडे 2003चा क्वारंटाइन आदेश आहे, नमुने देशाबाहेर पाठवायला जैवविविधता कायद्याच्या अटी आहेत. कागद दोन्ही दिशांना लागतात.

त्यामुळे लोन-रजिस्टरात मी एक जास्तीचा रकाना मागेन: 'वाटेत', आणि त्यापुढे एका माणसाचं नाव. पार्सल निघाल्या दिवसापासून पोचपावती येईपर्यंत ते त्याचं. कुरियरचा माग रोज बघायचा, अडकलं की दुसऱ्या दिवशी फोन करायचा, ईमेल नव्हे. घेणाऱ्या हर्बेरियमने पार्सल निघायच्या आधी आपल्या सीमेवरच्या अटी लेखी कळवायच्या, आणि परवान्याची प्रत खोक्याच्या आत नव्हे, बाहेरच्या पारदर्शक पाकिटात चिकटवायची. त्याच पाकिटात एक कागद, ठळक अक्षरांत: हे वैज्ञानिक नमुने आहेत, पुन्हा मिळणार नाहीत, शंका आली तर गोठवा किंवा आमच्या खर्चाने परत पाठवा, आणि काहीही करण्याआधी या नंबरवर फोन करा. खाली दोन नंबर. एक क्युरेटरचा, आणि क्युरेटर सुट्टीवर असेल तर दुसरा कोणाचा तरी.